दोन्ही पाय, एकच हात: पाथरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या नखांचं प्रकरण

रुग्ण पाथरी तालुक्यातले, वय ५४. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर भिजणारी जमीन, त्यात ऊस जास्त, बाकी कापूस आणि सोयाबीन. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि घरचे काही तपशील गाळले आहेत. पुढे त्यांना काकाच म्हणतो.

काका नखांसाठी आलेच नव्हते. गमबुटात उजव्या पायाचा अंगठा दुखायचा आणि त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी ‘आधी पाय दाखवून या’ असं सांगून पाठवलं होतं. नखं पिवळी पडून बरीच वर्षं झाली होती, पण त्याला ते आजार मानत नव्हते. "माह्या बापाचं बी असंच होतं," म्हणाले. खत टाकून टाकून नखं अशी होतात, हा त्यांचा आणि भावकीतल्या बऱ्याच जणांचा समज.

मग विचारता विचारता बाकीचं निघालं. दर पावसाळ्यात करंगळीच्या बेचक्यात चिखल्या होतात. जांघेत नायटा आहे, तो ट्यूब लावली की आठ दिवसांत बसतो आणि सोडली की दुप्पट उठतो. ट्यूब औषधाच्या दुकानातून मागून आणलेली: क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड, त्यात एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक, असं मिश्रण. त्याच दुकानातून आठवड्याला एक अशी फ्लुकोनाझोल या बुरशीनाशकाची गोळीही काही काळ घेतली होती. नखात फरक दिसेना म्हणून सोडून दिली.

चालू औषधं लिहून घेतली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिन. पुढचे निम्मे निर्णय या चार गोळ्यांनीच ठरवले. नखाच्या रुग्णाला ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत’ हे विचारायचं बऱ्याचदा राहून जातं, म्हणून हे मुद्दाम आधी सांगतो.

पाय पाहिले, मग हात

दोन्ही पायांच्या अंगठ्यांची नखं जाड, पिवळट-तपकिरी. टोकाकडून नख गादीपासून सुटलेलं आणि त्याखाली भुसभुशीत भुसा साठलेला. डाव्या अंगठ्याच्या नखात टोकापासून आत गेलेला एक पिवळसर-पांढरा पट्टा वेगळा दिसत होता. मुळाजवळचा भाग मात्र दोन्हीकडे बराचसा स्वच्छ. बुरशीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार असाच असतो. ती टोकाकडून किंवा कडेकडून शिरते आणि नखाखालच्या गादीवरून मुळाकडे सरकते. याउलट मुळाकडून पांढरं होत येणारं नख दिसलं, तर रुग्णाची प्रतिकारशक्ती का घटली आहे हे शोधावं लागतं. त्यात एचआयव्हीची तपासणीही येते.

तळपाय कोरडे, टाचेपासून कडांपर्यंत बारीक कोंडा. रेघांमध्ये पिठासारखी पांढरी पूड. काका याला भेगा म्हणत आणि व्हॅसलीन लावत. शेतकऱ्याच्या पायाला भेगा असायच्याच असं आपण सगळेच धरून चालतो, त्यामुळे तळपायाची बुरशी वर्षानुवर्षं तशीच राहते.

त्यानंतर हात पुढे करायला सांगितलं. उजव्या तळहाताच्या रेघांत तशीच पांढरी पूड होती. उजव्या हाताच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं नख टोकाला पिवळं आणि सुटलेलं. डावा हात साफ. एक रेघही पांढरी नाही.

दोन्ही पाय आणि एकच हात ही जोडी दिसली की ट्रायकोफायटॉन रुब्रम या बुरशीचा दाट संशय घ्यावा. सोरायसिस किंवा खरूज-इसब सहसा दोन्ही हातांना धरतं. बुरशी मात्र ज्या हाताने आपण पाय खाजवतो, बेचक्यातलं सोलतो, नखं कोरतो, त्या हातावर चढते. काका उजवे. संध्याकाळी ओट्यावर बसून पायाची नखं कोरायची सवय त्यांनी स्वतःच सांगितली.

खताचा प्रश्नही इथेच सुटला. ही बुरशी खतातून किंवा काळ्या मातीतून येत नाही. ती माणसाच्या कातडीवर आणि नखांत वाढते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते. घरातलं एकच नेलकटर, एकच टॉवेल, न्हाणीघराची ओली फरशी आणि सालगड्यासोबत वापरलेला गमबूट एवढं तिला पुरतं. काही घराण्यांत ती सहज बसते, त्यामुळे वडिलांचं ‘असंच’ असणं खरंही असेल. चिखलाचा वाटा वेगळा आहे. कालव्याची पाळी आली की रात्र-रात्र शेतात पाणी वळवत दारं धरावी लागतात, पाय तासन्‌तास ओल्या बुटात राहतात, बेचक्यातली कातडी मऊ पडून फाटते. बुरशीला आत शिरायला तीच वाट मिळते.

नखापलीकडची तपासणीही केली. घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी व्यवस्थित लागली. १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू टेकवून पाहिला तर उजव्या पावलावर तीन जागी स्पर्श कळला नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.९ टक्के. म्हणजे साखर चढी, पायाची संवेदना कमी, बेचक्यात फाटलेली कातडी आणि शेजारच्या बोटाला टोचणारं जाड नख. मधुमेही माणसात हे चार एकत्र आले की नखाचा प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही. नखाखाली जखम झाली तर कळणार नाही, फाटलेल्या बेचक्यातून जंतू शिरून पाय सुजेल. मधुमेहाच्या डॉक्टरांनी पाय दाखवायला पाठवलं ते याचसाठी.

बुरशी सिद्ध करणं

एवढं स्पष्ट चित्र असताना तपासणी कशाला, असं काकांच्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं: जाड, पिवळ्या, वाकड्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, लायकेन प्लॅनस असतो, वर्षानुवर्षं बुटाने दाबलेलं नख असतं. गोळ्या तीन महिने घ्यायच्या, यकृताची तपासणी करायची, बाकीची औषधं बदलायची. एवढं सगळं नुसत्या नजरेच्या अंदाजावर मी करणार नाही. नख ही काही तातडीची गोष्ट नाही. चार आठवडे थांबलं तर बिघडत नाही.

नमुना कसा घेतला यावर निकाल अवलंबून असतो. नख स्पिरिटने पुसलं, सुटलेला भाग कापून बाजूला केला, टोकाकडचा भुसा टाकून दिला आणि निरोगी नखाला लागून असलेल्या हद्दीवरून गादीचा चुरा खरवडला. जिवंत बुरशी तिथे असते. टोकाचा भुसा बऱ्याचदा मेलेला निघतो आणि त्यात वाटेवरच्या इतर बुरश्यांचे कण मिसळलेले असतात. तळहाताची पूडही वेगळी खरवडून घेतली.

तळहाताच्या नमुन्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुरशीचे फांद्या फुटलेले, पेरं असलेले धागे लगेच दिसले. नखाचा नमुना जास्त तीव्र द्रावणात, जास्त वेळ ठेवूनही काही दिसलं नाही. नखाच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, एका नकारार्थी काचपट्टीवर बुरशी नाही असं म्हणता येत नाही. म्हणून कापलेल्या नखाचा तुकडा पीएएस रंगाच्या तपासणीसाठी आणि चुरा कल्चरसाठी, म्हणजे बुरशी वाढवून तिची जात ओळखण्यासाठी, छत्रपती संभाजीनगरला पाठवला. पीएएसचा अहवाल आठवड्याच्या आत आला: नखाच्या खालच्या थरात बुरशीचे धागे. कल्चरला महिना लागला. वरून पांढरी, कापसासारखी आणि खालून लाल रंगाची वसाहत उगवली. ट्रायकोफायटॉन रुब्रम.

जात कळल्याचा फायदा आणखी एका कारणाने होतो. गेली काही वर्षं आपल्याकडे नायटा औषधांना दाद देईनासा झाला आहे. त्यामागे ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए ही बुरशी मोठ्या प्रमाणात आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिला हे नाव दिलं. तिच्यातल्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं बुरशीनाशक चालत नाही. ती मुख्यतः कातडीवर असते, नखांत कमी. काकांच्या जांघेतल्या नायट्याचं रूप स्टिरॉइडने पुसट करून टाकलं होतं, त्यामुळे तिथूनही नमुना घेतला. तोही रुब्रमच निघाला.

या चार आठवड्यांत काकांनी एकच मोठं काम केलं: ट्यूब बंद. पहिले काही दिवस जांघेत आग आणि खाज वाढली. तसं होईल हे आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून ते परत दुकानात गेले नाहीत.

काकूंची नखं

दुसऱ्या खेपेला काकू सोबत आल्या. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीची आणि मधल्या बोटाची नखं आडव्या खाचांची, कडेला हिरवट-काळपट. ‘एकाच घरातलं आहे’ म्हणून त्या काकांच्याच फ्लुकोनाझोलमधून अधूनमधून एक गोळी घेत होत्या.

त्यांचं नख टोकाला चांगलं होतं. बिघाड मुळाशी. नखाच्या मुळावरची पातळ चिकटलेली कातडी नाहीशी झालेली, तिथली त्वचा फुगून लाल, दाबल्यावर दुखणारी. भांडी, धुणं, गोठ्यातलं शेण, सडा. दिवसभर हात ओले. मुळावरचं हे झाकण निघालं की साबण आणि पाणी आत शिरतं, त्वचा चिडते, आणि तिथे नख तयार होत असल्याने त्याच्यावर खाचा पडतात. याला नखाच्या मुळाचा जुनाट दाह म्हणायचं. कॅन्डिडा नावाचं यीस्ट तिथे सापडतं, पण बहुतेक वेळा ते नंतर आलेलं पाहुणं असतं, मूळ कारण ओल. हिरवट रंग स्यूडोमोनास या जंतूचा.

उपचार काकांच्या अगदी उलट. काकूंना बुरशीच्या गोळ्यांची गरज नव्हती. आतून सुती आणि वरून रबरी असे दुहेरी हातमोजे, हात कोरडे ठेवणं, मुळावरची कातडी अजिबात न ढकलणं किंवा न कापणं, आणि काही आठवडे रात्री स्टिरॉइड मलम. हिरव्या कडांसाठी सुटलेलं नख कापून पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर लावायला दिलं. ज्या जातीच्या औषधाने काकांच्या जांघेचा सत्यानाश केला, तेच औषध इथे कामाचं होतं. म्हणून ‘ट्यूब वाईट’ असा निरोप मी घरी नेऊ दिला नाही. दोघांना समोर बसवून दोन वेगळ्या आजारांची दोन वेगळी औषधं दाखवली आणि डब्यांवर ‘काका’ आणि ‘काकू’ असं ठळक लिहिलं.

गोळी कोणती

काकांचं नख मुळापर्यंत गेलेलं नव्हतं, पण चार नखं बाधित होती, तळपाय आणि तळहात होते. नुसतं लावायचं औषध पुरणार नव्हतं. पोटातून द्यायच्या तीन पर्यायांचा विचार झाला.

इट्राकोनाझोल अटोरव्हास्टॅटिनसोबत दिलं तर अटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका असतो. हृदय कमजोर असलेल्या माणसाला तर ते देऊच नये. फ्लुकोनाझोल यकृतात ग्लिमेपिराइडचा निचरा अडवतं, साखर अचानक उतरू शकते. हे काकांना सांगत असताना त्यांना आठवलं, आठवड्याच्या त्या गोळ्या चालू असताना दोनदा घाम फुटून हातपाय थरथरले होते. गोळीमुळेच झालं असं आता सिद्ध करता येणार नाही, पण मुलाने ते वहीत लिहून घेतलं, हे चांगलं झालं.

उरलं टर्बिनाफिन. ते बुरशी मारतं, रुब्रमवर त्याचा परिणाम उत्तम, साखरेच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी त्याचं भांडण नाही. अडचण मेटोप्रोलॉलची. टर्बिनाफिनमुळे मेटोप्रोलॉल शरीरात साठतं, नाडी मंदावू शकते. काकांच्या डॉक्टरांना फोन केला. हृदयाचा वेगळा आजार नव्हता, मेटोप्रोलॉल फक्त रक्तदाबासाठी होतं. त्यांनी ते एकदम न तोडता हळूहळू कमी करून टेल्मिसार्टन सुरू केलं. यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित आल्या, मगच दसऱ्याच्या सुमाराला टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक, सुरू केलं. हाताच्या नखांना ६ आठवडे पुरतात, पायाच्या नखांना १२. जास्तीचा कालावधी धरला. भूक मरणं, डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगभर खाज येणं, जिभेची चव जाणं, यातलं काही झालं तर गोळी थांबवून लगेच यायचं, असं लिहून दिलं. सहाव्या आठवड्यात यकृताची तपासणी पुन्हा केली. ती नीट आली.

अंगठ्यांवर ४० टक्के युरियाचं मलम रात्री प्लास्टिकखाली लावायला दिलं. आठ-दहा दिवसांत जाड भाग मऊ होऊन दवाखान्यात कापता आला. डाव्या अंगठ्यातला तो पिवळसर-पांढरा पट्टा खास लक्ष देऊन काढला. नखात अशी घट्ट गाठ झालेली बुरशी औषधाला आत येऊ देत नाही. ती राहिली तर बाकी नख सुधारतं आणि तेवढी रेघ मागे उरते. आठवड्यातून एकदा लावायचं अमोरोल्फिनचं लाखेसारखं औषध सुचवलं होतं, पण पैसे परवडेनात म्हणून ते फक्त डाव्या अंगठ्यापुरतं घेतलं.

बुटांचं सांगितलं ते असं. दोन जोड ठेवायचे. आज वापरलेला उद्या उन्हात उलटा. दारं धरून आल्यावर पाय धुऊन बेचकी कोरड्या फडक्याने पुसायची. सालगड्याचा जोड वेगळा. नेलकटरं दोन, खराब नखांचं वेगळं. कपडे घालताना पायमोजे आधी, आतले कपडे नंतर, नाहीतर पायाची बुरशी कपड्यासोबत जांघेत जाते.

संक्रांत

संक्रांतीच्या आठवड्यात काका आले ते नाराज होऊन. गोळ्या संपल्या होत्या. तळपाय मऊ, जांघ साफ, खाज नाही. पण पायाचं नख? "तीन महिने गोळ्या खाल्ल्या, आता कामून पिवळंच हाय?"

याच टप्प्यावर बहुतेक रुग्ण सुटतात. कुणी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, कुणी पुन्हा तीन महिने गोळ्या खातो, कुणी नखच उपटून घेतो. म्हणून गोळी सुरू करतानाच दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर, चांगलं आणि खराब जिथे भेटतात त्या हद्दीवर, फाइलने एक हलकी आडवी खाच पाडली होती आणि मुलाला मोबाइलवर फोटो काढायला लावला होता. तो फोटो समोर ठेवला. उजव्या पायाची खाच ४ मिलिमीटर पुढे सरकली होती आणि तिच्या मागे उगवलेलं सगळं नख गुलाबी, पातळ, गादीला चिकटलेलं.

पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण १ ते १.५ मिलिमीटर वाढतं. पूर्ण बदलायला वर्ष ते दीड वर्ष. पिवळं झालेलं नख कोणत्याही औषधाने पुन्हा स्वच्छ होत नाही, ते पुढे ढकललं जाऊन कापून टाकावं लागतं. काकांना उसाचं उदाहरण दिलं: लाल पडलेलं पान हिरवं होत नाही, पोंग्यातून येणारं नवं पान कसं आहे ते पाहायचं. त्यावर त्यांनीच विचारलं, मग गोळी आता बंद कशी चालेल? टर्बिनाफिन नखात साठतं आणि गोळी थांबल्यावरही कित्येक महिने तिथे राहतं, म्हणून १२ आठवडे पुरतात. खाचेच्या मागे पुन्हा पिवळं उगवताना दिसलं असतं, तर मात्र नवा नमुना घेतला असता.

हाताच्या अंगठ्याने माझं काम सोपं केलं. हाताचं नख महिन्याला जवळपास ३ मिलिमीटर वाढतं. संक्रांतीला ते अर्ध्याहून जास्त बदललं होतं. पायाचं वर्षभराने कसं दिसेल ते त्यांना हातावर दिसत होतं.

मुलाने विचारलं, शंभर टक्के जाईल ना? आकडे तसेच्या तसे सांगितले. टर्बिनाफिनच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकानुसार पायाच्या नखांत सुमारे ७० टक्के रुग्णांत बुरशी तपासणीत नाहीशी होते. बुरशी जाऊन नखही पूर्ण निर्मळ दिसतं, असं ३८ टक्के रुग्णांत. म्हणजे बुरशी गेली तरी वर्षानुवर्षं बुटाने दाबलेलं नख थोडं जाडच राहू शकतं. शिवाय बऱ्याच जणांत ती काही वर्षांत परत येते.

पुढचं वर्ष

गुढीपाडव्याला हाताची दोन्ही नखं साफ. एचबीएवनसी ७.४ वर आलं, त्याचं श्रेय त्यांच्या डॉक्टरांचं आणि काकांच्या रोजच्या चालण्याचं. काकूंच्या मुळावरची कातडी पुन्हा चिकटली होती, नव्या नखावर खाचा नव्हत्या. सडा टाकताना त्या मोजे काढून ठेवतात, तेवढं अजून होतं.

पुढच्या दसऱ्याला उजव्या अंगठ्याचं नख पूर्ण बदललेलं, टोकाला किंचित जाड. डाव्या अंगठ्यावर बाहेरच्या कडेला २ मिलिमीटरची पट्टी उरली होती. दोन्हींचे नमुने पुन्हा पाठवले, पीएएस आणि कल्चर नकारार्थी आले. डावीकडची पट्टी कापून काढली आणि अमोरोल्फिन फक्त तेवढ्यावर चालू ठेवलं.

त्या खेपेला मुलाचेही बूट काढायला लावले. त्याची नखं स्वच्छ होती, पण दोन्ही पायांच्या शेवटच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलत होती. त्याला टर्बिनाफिनचं मलम लावायला दिलं आणि पावसाळा संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा ते चालू ठेवायला सांगितलं. काकांनाही पावसाळ्यात तेच मलम बेचक्यात लावायचं आहे. दोघांची पुढची तपासणी ऊसतोड सुरू होण्याआधी ठरली आहे, आणि त्या वेळी सालगड्यालाही सोबत आणायचं ठरलं आहे.